झाडाचें मोल आणि धन्याची राजी

जुन्या इनामपत्रांचा ज्यांस नित्य परिचय आहे, त्यांस ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ ही मालिका इतकी अंगवळणी पडलेली असते कीं, नक्कल करतांना ती बहुधा ‘वगैरे’ म्हणून सोडून दिली जाते. प्रस्तुत लेखकानेंही हा आळस अनेक वेळां केला आहे. वस्तुतः गांवाच्या निसर्गसंपत्तीची मराठी दप्तरांतील ही सर्वांत आटोपशीर याद होय. मात्र ती हक्कांची याद आहे, हानीची नव्हे. पाणी कोणाचें, झाड कोणाचें, गवत कोणाचें, एवढें ती सांगते. तेंच झाड उद्यां अन्यायानें तुटलें तर गांवाचें काय गेलें, हा प्रश्न तिच्या कक्षेंत येत नाहीं.

तो प्रश्न रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत येतो. येथें एका प्रचलित चुकीचा निर्देश करणें अवश्य आहे. आंबा-फणसास हात न लावण्याविषयींचा मजकूर हल्लीं ‘शिवछत्रपतींचें पत्र’ म्हणून सर्रास दाखविला जातो. तो इ. स. १७१५-१६ च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारें पस्तीस वर्षांनीं, करवीरकर संभाजीराजांच्या कारकीर्दींत सिद्ध झालेल्या राजनीतिग्रंथाच्या आरमारप्रकरणांतील आहे. त्यांत शिवकालीन शिस्तीचा पडसाद असावा असें मानण्यास हरकत नाहीं. परंतु पडसाद आणि अस्सल पत्र यांतील भेद आपणच सोडला तर तो राखणार कोण?

मजकुराचा आशय असा. आरमारास थोर लाकूड लागतें, तें राज्यांतील अरण्यांतून हुजूरची परवानगी घेऊन तोडावें. अधिक लागेल तें परमुलखांतून खरेदी करावें. आंबे, फणस हेही कामाचे, परंतु त्यांस हात लावूं देऊं नये. कारण हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. शिवाय तीं नाहींशीं झालीं म्हणजे हानि होते. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें न्यावें; जबरदस्ती करूं नये. दुर्गप्रकरणांत तर गडाभोंवतालची झाडी ही गडाची राखणच मानली असून तींतील काठीसुद्धां तोडूं न देण्याची ताकीद आहे. म्हणजे लाकडाच्या भावापलीकडे उभी झाडी कांहीं काम करते, आणि त्या कामाला मोल आहे, ही जाणीव अमात्यांस होती. झाडाचें वय, त्याच्या अभावीं होणारी हानि आणि धन्याची राजी या तीन गोष्टी त्यांनीं एकत्र धरल्या. त्यांतही क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे: आधीं राजी, मग द्रव्य.

आजच्या मूल्यमापनशास्त्रांत यांचें काय झालें आहे, हें पाहण्यास दूर जाणें नको. पुण्याच्या नैर्ऋत्येस, मुठेच्या डाव्या तीरावर वारजे हें गांव आहे. १९९७ मध्यें तें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. तेथील वनखात्याच्या उजाड व अतिक्रमणग्रस्त टेंकडीवर २०१५-१६ पासून झाडें लावण्यांत आलीं, आणि ५ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें ‘नगरवन’ योजना जाहीर केली तेव्हां हेंच वन नमुना म्हणून पुढें मांडलें. क्षेत्र १६.८ हेक्टर, झाडें ६५,००० हून अधिक, पक्ष्यांच्या २९ व फुलपांखरांच्या १५ जाती, अशी त्यावेळीं दिलेली गणना आहे.

हें वन उद्यां कोणीं नष्ट केलें तर नुकसान किती? गोदावर्मन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें वनजमीन इतर कामाकडे वळविणाऱ्याकडून ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ घेण्याची पद्धत घालून दिली. कांचन चोप्रा समितीच्या अहवालानंतर मार्च २००८ मध्यें त्याचे दर हेक्टरीं ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरले, व २०२२ सालीं ते वाढविण्यांत आले. २००८ च्या सर्वांत चढ्या दरानेंही या टेंकडीचें मोल पावणेदोन कोटींच्या आसपास भरतें. उलट, बंगालमधील रेल्वे-उड्डाणपुलांच्या वृक्षतोडप्रकरणीं त्याच न्यायालयानें नेमलेल्या तज्ज्ञसमितीनें २०२१ मध्यें एका झाडाचें मोल वर्षाला ७४,५०० रुपये, गुणिले झाडाचें वय, असें सांगितलें. त्यांतील ४५,००० रुपये केवळ प्राणवायूचे. हाच गुणाकार येथें केला तर ६५,००० झाडांचे एका वर्षाचे ४८४ कोटी २५ लाख होतात! समितीचा आंकडा मोठ्या, जुन्या झाडांच्या संदर्भांतला, तो येथील कोंवळ्या रोपांस लावणें अन्यायाचें, हें खरें. तरीही एकाच टेंकडीच्या दोन किंमतींत शेंकडों पटींचें अंतर पडावें, यावरून या शास्त्राची सांप्रतची अवस्था कळते. झाडाच्या वयानें गुणण्याची कल्पना मात्र आमच्या मतें अमात्यांच्या मनाजोगती आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें महाराष्ट्राच्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यांतही, तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं नवीं झाडें लावावीं, असें आलें आहे.

नदीपलीकडे वडगांव बुद्रुक येथें हाच प्रश्न निराळ्या वेषानें उभा राहिला. एका गृहप्रकल्पास ५५२ सदनिकांची पर्यावरण-परवानगी असतां ८०७ बांधल्या गेल्या. सप्टेंबर २०१६ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें १०० कोटी किंवा प्रकल्पखर्चाचे ५ टक्के, यांत जें कमी तें, भरण्यास सांगितलें. पुढें जानेवारी २०१८ मध्यें हा आंकडा १९० कोटींवर नेला. १० ऑगस्ट २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें १०० कोटी किंवा १० टक्के, यांत जें अधिक तें, असा निर्णय दिला. कार्बनच्या हिशेबानें नुकसान मोजण्याची रीत मात्र, तज्ज्ञांचा पुरावा नसतां, त्यानें मान्य केली नाहीं. निवाड्यांत आंकडा आहे, पण तो बांधकामाच्या खर्चावर बेतलेला. नदीचें वा जमिनीचें काय गेलें त्यावर नव्हे. दंड म्हणून तो योग्यच असेल, त्यास हानीचें मोजमाप म्हणवत नाहीं.

याच्या उलट उदाहरणही तेथून हांकेच्या अंतरावर आहे. विठ्ठलवाडीपासून वारज्याकडील महामार्गापर्यंत मुठेच्या पात्रांतून रस्त्याचें काम चाललें असतां, न्यायाधिकरणानें २०१३ सालीं पूररेषेंतील भराव काढण्याचा व रस्ता कडेस हलविण्याचा हुकूम केला. येथें पात्राची किंमत करण्यापेक्षां पात्र मोकळें करण्यावर भर होता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें पाणी ज्या शहरानें पाहिलें, त्यास हा हुकूम विशेष समजावून सांगावा लागूं नये.

राजीचें कलम मात्र या सर्व हिशेबांत मागें पडलें आहे. वनमूल्य भरलें कीं वाट मोकळी, असा समज होऊं लागला आहे. द्रव्य आधीं, राजी विचारली तर विचारली. शिवाय टेंकडीचा किंवा नदीचा ‘धनी’ कोण, हें आज्ञापत्रांतील आंब्याच्या झाडाइतकें सोपें नाहीं. सनदेनें जल-तरु-तृण इनामदारास दिलें खरें, पण गांवचीं गुरें कोठें चरत, सरपण कोण आणी, याचें उत्तर सनदेबाहेरच्या कागदांत शोधावें लागतें.

म्हणून संग्राहकांस एक विनंति आहे. मुठाखोऱ्यांतील गांवांचे महजर, करीने, झाडांचीं वा बागांचीं खरेदीखतें ज्यांच्या रुमालांत असतील, त्यांनीं ते या दृष्टीनें एकवार पुन्हां चाळावेत. आणि झाड तोडल्याबद्दल घेतलेल्या गुन्हेगारीची रक्कम, झाडाचें वय अथवा धन्याची राजी यांपैकीं कशाचाही उल्लेख सांपडल्यास मूळ ओळ जशीच्या तशी, ‘वगैरे’ न घालतां, उतरून पाठवावी.