वेदीपुढे उभं राहण्याआधी

माँट्रिअल शहराच्या पूर्व भागात डेलोरिमिए स्टेडियम नावाचं बेसबॉलचं मैदान होतं. २३ जुलै १९३९ च्या रविवारी त्या मैदानात खेळ नव्हता, लग्नं होती. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी १०५ जोडपी विवाहबद्ध झाली आणि ते पाहायला हजारो माणसं जमली. नवरा-नवरी बहुतेक कामगार घरांतले. मंदीच्या दशकात कारखाने थंड पडलेले, हाताला काम नाही, खोलीचं भाडं परवडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लग्न पुढे ढकललेली ही पिढी. वर्तमानपत्रांनी सोहळ्याची छायाचित्रं छापली आणि जगाच्या लक्षात राहिला तो सोहळाच.

त्याआधी जे घडलं होतं, ते मात्र कोणत्याही छायाचित्रात मावणारं नव्हतं. या जोडप्यांनी मैदानावर येण्यापूर्वी लग्नाचे वर्ग केले होते. वर्ग भरवणारी संघटना होती ‘जेनेस उव्ह्रिएर कातोलिक’, म्हणजे तरुण कॅथलिक कामगारांची चळवळ. बेल्जियमचे फादर जोझेफ कार्डाइन यांनी ती १९२५ मध्ये उभी केली. क्वेबेकमध्ये तिचं रोप लावलं फादर आंरी रुआ यांनी. पाहा, पारखा आणि कृती करा, ही तिची त्रिसूत्री. कामगारांना कामगारांनीच शिकवायचं, हा तिचा बाणा. चर्चच्या विवाहपूर्व मार्गदर्शनाची आजची पद्धत कुठून आली असं कोणी विचारलं, तर रोमच्या आधी माँट्रिअलच्या या कामगार वस्त्यांकडे बोट दाखवावं लागतं.

पुढच्या दशकात हे वर्ग क्वेबेकभर पसरले. त्यांत धर्मगुरू बोलत, आणि डॉक्टर, वकील व संसारात मुरलेली जोडपीही बोलत. पगाराचं पाकीट कुणाच्या हातात द्यायचं, उधारी कशी टाळायची, स्त्रीपुरुषांच्या मनाची घडण, शरीराची रचना, बाळंतपण, असे विषय. वकिलाचा तास तर अगदी गरजेचा. क्वेबेकच्या त्या वेळच्या दिवाणी कायद्यात लग्न होताच बाईचे बरेचसे कायदेशीर अधिकार नवऱ्याच्या संमतीला बांधले जात. हे जोखड कायद्याने सैल झालं ते १९६४ मध्ये. आपण कशावर सही करतो आहोत, हे मुलीला लग्नाआधी कुणीतरी स्वच्छ सांगणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

मग त्याआधी चर्च लग्नाळू मुलामुलींना काय सांगत होतं? सांगण्यापेक्षा विचारतच होतं, आणि शतकानुशतकं तो प्रश्न एकच होता: या लग्नात काही अडथळा आहे का?

मध्ययुगातल्या युरोपात दोघांनी एकमेकांना ‘मी तुला वरतो’, ‘मी तुला वरते’ असं म्हटलं की लग्न लागे. साक्षीदार नको, धर्मगुरू नको. पुढे पुरुषाने हात वर केले की बाईकडे पुरावा काय? अशा चोरट्या लग्नांनी धर्मन्यायालयं भरून गेली होती. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लग्नाची आगाऊ जाहीर सूचना देण्याचा नियम सर्वत्र लागू केला. १५६३ मध्ये ट्रेंट परिषदेने तो पक्का केला: ओळीने तीन सणवारी मिस्सेत नावं पुकारायची, पॅरिशचा धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदार यांच्यासमोरच लग्न लावायचं, आणि त्याची वहीत नोंद करायची. एखाद्याला आधीची बायको असेल किंवा नातं फार जवळचं निघत असेल, तर गावातल्या कुणीतरी उठून सांगावं, हा या पुकारण्यामागचा हेतू.

याच परिषदेत आणखी एक वाद रंगला. आईवडिलांच्या संमतीवाचून झालेलं लग्न रद्द ठरवा, असा फ्रान्सचा आग्रह होता. परिषदेने तो मानला नाही. अशी लग्नं चर्चला नापसंत असली, तरी त्या कारणावरून ती खोटी ठरत नाहीत, असा निर्वाळा तिने दिला. लग्न उभं राहतं ते दोघांच्या होकारावर. सोयरीक म्हणजे दोन घरांचा व्यवहार असं मानणाऱ्या आपल्या समाजात हा विचार सोळाव्या शतकातच येऊन पोचला होता, कारण ट्रेंटचे निर्णय अमलात आणण्यासाठी १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली आणि वसई-साष्टीचा पट्टाही तेव्हा गोव्याच्याच धर्मक्षेत्रात होता. आता विचार पोचला म्हणून घराघरांतल्या बैठकी बदलल्या, असं कोणी म्हणू नये. स्थळ थोरांनीच पाहायचं, मागणी थोरांनीच घालायची, हे चालूच राहिलं. पण वेदीपुढे मुलीच्या तोंडून ‘होय’ आल्याशिवाय फादरला लग्न लावता येत नव्हतं, एवढी जागा तिच्यासाठी राखलेली होती.

दुसरा प्रश्न आला १६१४ च्या रोमन विधिग्रंथातून. वधूवरांना धर्माची मूलतत्त्वं ठाऊक आहेत का, हे धर्मगुरूने पाहावं, कारण उद्या मुलांना ती त्यांनाच शिकवायची आहेत. म्हणजे लग्नापूर्वी धर्मशिक्षणाची उजळणी आली. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांची कोंकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’ त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरला छापली गेली. गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देणारं हे पुस्तक. लग्नाची शाळा म्हणून चर्चपाशी बराच काळ एवढीच पुंजी होती: प्रार्थना, दहा आज्ञा, साक्रामेंतं. नवऱ्याला राग आला तर काय करावं, मूल होत नसेल तर काय, सासूशी पटलं नाही तर काय, यांची उत्तरं त्या प्रश्नोत्तरांत नव्हती.

तिसरा प्रश्न १९१७ च्या चर्च कायद्याने कलम १०२० मध्ये घातला. धर्मगुरूने दोघांना, वेगवेगळं बसवूनही, विचारावं की तुम्ही स्वखुशीने लग्न करता आहात ना? आणि त्या कलमात दोन शब्दांची भर आहे: ‘विशेषतः स्त्रीला’. एरवी रुक्ष असलेल्या त्या संहितेतले हे दोन शब्द सोन्याने मढवावेत असे आहेत. घरच्यांच्या नजरेआड, बंद दाराआड, मुलीला एकटीला विचारायचं. आजही लग्नाआधी पॅरिश ऑफिसात वधूवरांचे जबाब वेगवेगळे घेतले जातात, त्याचं मूळ इथे आहे.

बाकीचं शिक्षण गाव देत असे. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचं पाणी’ आणतात. गोव्यात नारळाच्या रसाने वधूवरांना न्हाऊ घालतात, त्याला ‘रोस’ म्हणतात. या विधींभोवती मावश्या, आत्या, आज्या असत आणि त्यांच्या गाण्यांतून, चिमट्यांतून, कानगोष्टींतून मुलीला संसाराचं काही ना काही कळे. त्या शिक्षणाला कमी लेखू नये. भांडण झालं तर दार ठोठावायला शेजारची काकू होती. पण या शाळेत ‘सोस’ हा धडा मुलीसाठी फार मोठा होता आणि मुलग्यासाठी जवळजवळ धडाच नव्हता.

शहराने ती शाळाही मोडली. माँट्रिअलमध्ये तेच झालं, मुंबईतही तेच. गोव्याची माणसं धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, राहून बोटीवर चढली आणि बायका गावात राहिल्या. गिरणगावात, बंदरात, रेल्वेत नोकरीला आलेल्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत आजी मावत नव्हती. जिथे काकूचं दार उरलं नाही, तिथेच लग्नाच्या वर्गाची गरज आधी भासली.

अमेरिकेतली गोष्ट थोडी वेगळी, पण धागा तोच. सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग संधिवाताने अधू झालेले, काठीच्या आधाराने चालणारे. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कला जाऊन ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या बिल विल्सनना भेटले आणि त्यांचे जन्माचे आध्यात्मिक सोबती झाले. दारू सुटलेला माणूसच दारुड्याला हात देऊ शकतो, हे त्या चळवळीचं बळ डाउलिंगनी जवळून पाहिलं होतं. संसारालाही हेच लागू पडतं, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९४४ च्या सुमारास विवाहित जोडप्यांच्या दिवसभराच्या मेळाव्यांना त्यांनी नाव दिलं ‘काना कॉन्फरन्स’. गालिलातल्या काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला आणि येशूने रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला, ती योहानाच्या शुभवर्तमानातली कथा. लग्नघरात काहीतरी कमी पडतं आणि ते वेळेवर कुणाच्या तरी लक्षात येतं, हा त्या कथेचा गाभा. मेळाव्याला याहून नेमकं नाव सापडलं नसतं.

मग साहजिकच कुणीतरी म्हणालं असणार, की लग्न झालेल्यांसाठी काना, तर होणार असलेल्यांसाठी काय? त्याचं उत्तर ‘प्री-काना’. महायुद्धावरून सैनिक परतले आणि १९४६ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे २३ लाख लग्नं लागली. घाईची लग्नं, अनोळखी शहरं, युद्धाचे ओरखडे. शिकागोत फादर जॉन ईगन यांनी १९४७ पासून दहाएक वर्षं हे काम सांभाळलं आणि प्री-काना हा शब्द अमेरिकन कॅथलिकांच्या घरोघरी गेला. वर्गात धर्मगुरूच्या शेजारी डॉक्टर बसे आणि नवराबायकोची जोडी बसे. ब्रह्मचारी फादरने संसारावर किती बोलावं, ही शंका श्रोत्यांच्या मनात असतेच. त्या जोडीने ती शंका कुणी न मांडताच फेडली.

रोमने हे सगळं पुढे कागदावर आणलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये विवाहाला जीवनाची आणि प्रेमाची जिव्हाळ्याची भागीदारी म्हटलं. १९६८ मध्ये पोप सहाव्या पॉल यांच्या पत्राने कृत्रिम संततिनियमनाला नकार दिला आणि त्यानंतर नैसर्गिक पद्धतीचे तक्ते या वर्गांत कायमचे आले. त्या पत्रावरचा वाद तेव्हाही मोठा होता आणि आजही कोर्सला बसलेल्या अनेकांच्या मनात तो असतो. १९८१ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी आपल्या पत्रात तयारीच्या तीन पायऱ्या सांगितल्या: बालपणापासूनची दूरची, तरुणपणातली जवळची, आणि लग्नाच्या तोंडावरची अगदी निकटची. १९८३ च्या नव्या संहितेने कलम १०६३ मध्ये विवाहाच्या तयारीची जबाबदारी साऱ्या ख्रिस्ती समुदायाकडे दिली. त्याच संहितेचं कलम १०९५ सांगतं, की विवेकाची गंभीर उणीव असेल किंवा मानसिक कारणांनी संसाराची जबाबदारी पेलणं शक्यच नसेल, तर ते लग्न मुळात झालंच नाही असं ठरू शकतं. ‘अडथळा आहे का?’ या जुन्या प्रश्नाला इथे नवा अर्थ आला. अडथळा आता माणसाच्या आतही शोधायचा होता. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा महाधर्मप्रांताने ‘फोकस’ नावाची दीडशेहून अधिक विधानांची प्रश्नावली काढली. दोघांनी ती वेगवेगळी भरायची आणि जिथे उत्तरं जुळत नाहीत, तिथे बोलायचं.

मुंबईच्या महाधर्मप्रांतात माहीमच्या ‘स्नेहालय’ या कुटुंबसेवा केंद्राचं नाव विवाहाच्या तयारीशी जोडलेलं आहे. गोव्यातही असं केंद्र आहे. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतातही लग्नाआधीचं शिबिर ठरलेलंच असतं. ‘कोर्स केला का?’ हा प्रश्न आता ‘हॉल मिळाला का?’च्या जोडीने विचारला जातो. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला आणि कोर्सचं सर्टिफिकेट, एवढं घेऊन जोडपं पॅरिश ऑफिसात येतं.

भारतातल्या ख्रिस्ती स्त्रीसाठी या तयारीचं मोल कायद्यामुळेही जास्त होतं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पुरुषाला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. बाईला बहुतेक वेळा नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. परस्परसंमतीने विभक्त होण्याची वाट त्या कायद्यात नव्हतीच. ती २००१ च्या दुरुस्तीने आली. चर्चच्या न्यायासनाने लग्न रद्द ठरवलं, तरी देशाच्या कायद्याने ते रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं. सव्वाशेहून अधिक वर्षं बाहेर पडण्याचं दार एवढं अरुंद असताना, आत शिरण्यापूर्वी कोर्सचे दोन दिवस बसून बोलायला लावणं ही मोठीच कणव होती.

मात्र ते दोन दिवस लग्नाच्या तोंडावर उरकले की त्यांचा जीव जातो. हॉल वर्षभर आधी ठरतो, बँड ठरतो, केटरर ठरतो, आणि कोर्स पत्रिका वाटण्याच्या धांदलीत होतो. तेव्हा पैशावरचा, दारूवरचा किंवा मूल हवं-नको यावरचा मतभेद वर आलाच, तर थांबायची हिंमत कुणाला होणार? फारच थोड्यांना. माँट्रिअलच्या जोडप्यांचे वर्ग सोहळ्याच्या बरेच आधी झाले होते, हे इथे आठवावं.

सर्टिफिकेटविषयीही एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९८१ च्या त्याच पत्रात ही तयारी आवश्यक म्हटली आणि लगोलग बजावलं, की ती झाली नाही म्हणून लग्न अडता कामा नये. कागदाच्या अभावी फादर लग्न रोखू शकत नाहीत. म्हणजे कोर्स करायचा तो कागदासाठी नव्हे, हे खुद्द नियमच सांगतो.

म्हणून ज्यांच्या घरी यंदा सोयरीक जुळते आहे, त्यांनी हॉलची पावती फाडण्याआधी मुलामुलीला कोर्सला पाठवावं. आणि तिथून परतल्यावर त्यांपैकी कुणी ‘अजून थोडा वेळ हवा’ म्हणालं, तर तो वेळ द्यावा.