माफी आणि न्याय : राजबंद्यांचा एक जुना प्रश्न

राज्यकर्त्यांच्या धोरणाविरुद्ध प्रजा उभी राहिली, कीं दोन प्रश्न हटकून पुढें येतात. पकडलेल्या माणसाची चौकशी कोणत्या रीतीनें करावी, हा पहिला. आणि क्षोभ ओसरल्यावर त्याला सोडावें कीं नाहीं, हा दुसरा. पहिल्याचा संबंध न्यायाशीं आहे, दुसऱ्याचा क्षमेशीं. हे प्रश्न वस्तुतः निराळे. परंतु व्यवहारांत त्यांची अशी गुंतागुंत होते, कीं माफी मिळाली म्हणजे न्यायच मिळाला असें पुष्कळांस वाटूं लागतें. हा समज कितपत खरा आहे, तें आपल्याच इतिहासांतील कांहीं प्रसंग घेऊन पाहावें, असा आमचा विचार आहे.

पहिला प्रसंग पुण्याचा. ता. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या, आणि पुढच्याच महिन्यांत सरदार नातू बंधूंस इ. स. १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं अटक झाली. या कायद्यास आरोपपत्र नको, साक्षीपुरावा नको, न्यायाधीशहि नको. अमुक मनुष्य राज्याच्या हितासाठीं अटकेंत असावा, असें सरकारच्या मनांत आलें म्हणजे काम भागलें. त्याच सुमारास टिळकांवर मात्र राजद्रोहाचा उघड खटला झाला. ज्यूरींत नऊ असामी होते. सहा युरोपियनांनीं त्यांस दोषी ठरविलें, तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी. शिक्षा अठरा महिन्यांची झाली. पुढें मॅक्समुल्लरसारख्या विद्वानांनीं रदबदली केल्यावर सप्टेंबर १८९८ मध्यें कांहीं अटींवर त्यांची सुटका झाली. नातू बंधू १८९९ मध्यें सुटले.

सुटका दोघांचीहि झाली. पण दोघांची स्थिति एकच होती काय? टिळकांवरील खटल्यांत ज्यूरीची निवड पक्षपाती होती, असें म्हणण्यास भरपूर जागा आहे. तथापि त्यांच्यावरील आरोप काय, त्यांच्या कोणत्या शब्दांवर तो उभारला होता, आणि त्यांच्या वकिलांनीं त्यास काय उत्तर दिलें, हें सर्व जगापुढें आलें. सहांविरुद्ध तीन हा आंकडासुद्धां आज आपणांस ठाऊक आहे, आणि त्यावरून तो निकाल कसोटीस लावतां येतो. नातू बंधूंच्या बाबतींत तोलून पाहण्यास कांहींच नाहीं. ते दोषी ठरले नाहींत, म्हणून त्यांस शिक्षा झाली असें म्हणवत नाहीं. आणि ते निर्दोषीहि ठरले नाहींत, म्हणून त्यांच्यावरचा संशय फिटला असेंहि म्हणवत नाहीं. त्यांची सुटका झाली, पण निकाल झाला नाहीं.

दुसरा प्रसंग १९१९ सालचा. त्या वर्षींच्या मार्चांत रौलट कायदा झाला. खास न्यायमंडळापुढें ज्यूरीवांचून खटला, निकालावर अपील नाहीं, आणि संशयावरून स्थानबद्धता, हा त्याचा गाभा. एप्रिलांत जालियनवाला बागेचें हत्याकांड झालें व पंजाबांत लष्करी अंमल बसला. वर्षाअखेर, २३ डिसेंबर रोजीं, बादशहांची घोषणा निघाली आणि राजकीय कैद्यांस माफी जाहीर झाली. डॉ. किचलू व डॉ. सत्यपाल यांच्यासारखे पुढारी सुटले, लोकांनीं त्यांचें स्वागत केलें, आणि तें योग्यच होतें. परंतु त्याच सालच्या सप्टेंबरांत आणखी एक माफी दिली गेली होती, तिच्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. लष्करी अंमलांत सद्बुद्धीनें कृत्यें केलेल्या अधिकाऱ्यांस कायद्याचें संरक्षण देणारा, म्हणजे त्यांस दाव्याखटल्यांतून मोकळें करणारा, तो कायदा होय. प्रजेला माफी मिळाली ती कृपा म्हणून. अधिकाऱ्यांस मिळाली ती कायद्यानें, आणि प्रजेच्या आधीं तीन महिने!

कृपेचा दुसरा स्वभाव असा, कीं ती निवड करते. सावरकर बंधू त्या माफींत आले नाहींत. विनायकरावांचा १९१० सालचा खटला ज्यूरीवांचून व अपिलावांचून, खास न्यायमंडळापुढें चालला होता. ज्याला रीतसर न्यायाचा लाभ कमी मिळाला, त्याला क्षमेची गरज अधिक, असा हिशेब कोणी सरळ मनाचा मनुष्य करील; परंतु सरकारचा हिशेब भयाचा असतो. कोणाला सोडणें धोक्याचें नाहीं, एवढेंच तें पाहतें.

आतां तिसरा प्रसंग, आणि तोच सर्वांत गुंतागुंतीचा. मे १९३० मध्यें गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरांत क्षोभ उसळला. ता. ८ रोजीं गोळीबार झाला, जमावानें पोलीस शिपायांस ठार केलें, कोर्टाची इमारत जाळली. आणि १२ तारखेस शहरावर लष्करी कायदा पुकारण्यांत आला. पाठोपाठ त्यासाठीं खास वटहुकूम निघाला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आली. त्यानंतर दोन आठवड्यांनीं गांधीजी त्याच येरवड्यांतून सुटले, आणि ५ मार्च रोजीं गांधी-आयर्विन करार झाला.

करारानें चळवळींतील हजारों कैदी मोकळे झाले, चालू खटले काढून घेतले गेले, बहुतेक वटहुकूम मागें घेतले गेले. ही लहान गोष्ट नव्हे. ज्या घरांतला कर्ता मुलगा तुरुंगांतून परत आला, त्या घरानें तात्त्विक वाद घालीत बसावें अशी अपेक्षा कोणी करूं नये. पण कराराच्या कलमांत तीन गोष्टी आहेत, त्या विचारी वाचकास टोंचल्यावांचून राहत नाहींत. माफी अहिंसक गुन्ह्यांपुरतीच होती. हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले शिपाई व पोलीस तींतून वगळले होते. आणि पोलिसांच्या वर्तनाची चौकशी व्हावी हा आग्रह गांधीजींनीं तडजोडीखातर सोडून दिला.

पैकीं दुसरी गोष्ट पाहा. पेशावरास २३ एप्रिल १९३० रोजीं निःशस्त्र जमावावर गोळी झाडण्यास गढवाली पलटणींतील शिपायांनीं नकार दिला. त्यांच्यापैकीं चंद्रसिंग गढवाली यांस जन्मठेप झाली, आणि १९४१ पर्यंत ते सुटले नाहींत. म्हणजे ज्यांनीं हिंसा केली नाहीं म्हणूनच शिक्षा भोगली, त्यांस अहिंसेच्या माफींत जागा मिळाली नाहीं!

आणि ज्यांच्यावर हिंसेचा आरोप होता, त्यांचें काय? लाहोर कटाच्या खटल्यासाठीं १ मे १९३० रोजीं वटहुकूम काढून तिघां न्यायाधीशांचें मंडळ नेमलें गेलें. आरोपींच्या गैरहजेरींत काम चालविण्याची मुभा होती, आणि हायकोर्टाकडे अपील नव्हतें. ता. १२ मे रोजीं भर कोर्टांत आरोपींस मारहाण झाली, तेव्हां न्या. आगा हैदर यांनीं त्या हुकुमाशीं आपला संबंध नाहीं असें लिहून ठेवलें. जूनांत मंडळाची फेररचना झाली, तींत त्यांचें नांव नव्हतें. ऑक्टोबरांत निकाल लागला, आणि भगतसिंग, सुखदेव व आमच्या खेडचे राजगुरु यांस २३ मार्च १९३१ रोजीं फांशी झाली. कराराला तेव्हां तीन आठवडेहि उलटले नव्हते. कराची काँग्रेसला निघालेल्या गांधीजींस संतप्त तरुणांनीं काळीं फुलें दिलीं.

येथें दुसऱ्या बाजूचें म्हणणें ऐकणें आमचें कर्तव्य आहे. लाहोरचे आरोपी उपोषणें करून व कोर्टांत असहकार करून काम लांबवीत होते, असें सरकार म्हणे. त्यांत अगदींच तथ्य नव्हतें असें नाहीं. सोलापुरांत मारले गेलेले शिपाई याच देशाचे होते, त्यांनाहि घरदार होतें, आणि त्यांच्या मृत्यूचा जाब विचारला जाणें रास्तच होतें. खून झाला असतां चळवळीच्या नांवावर सर्वांस सरसकट सोडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हा सारा युक्तिवाद ज्या गोष्टीकडे बोट दाखवितो, ती माफीची नकारघंटा नव्हे, तर चोख न्यायाची गरज होय. आरोप जितका भयंकर, तितकी चौकशी अधिक निर्मळ हवी. कारण फांशीनंतर माफीला कांहीं अर्थ उरत नाहीं. सोलापूरचे चौघे निर्दोष होते अशी त्या शहराची श्रद्धा आहे. खास कायद्याच्या छायेंत झालेल्या शिक्षेबद्दल ही शंका फिटतच नाहीं, आणि ती मारल्या गेलेल्या शिपायांनाहि न्याय देत नाहीं.

गांधीजींनीं सोडून दिलेल्या चौकशीचाहि हाच धडा आहे. झांकली मूठ सव्वा लाखाची, हें संसारांत ठीक. राज्यकारभारांत ती मूठ पुढच्या पिढीला उघडावी लागते. तडजोडीनें शांतता मिळाली, पण गोळीबाराचा हुकूम योग्य होता कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं. आणि वर्षहि पुरतें लोटलें नाहीं तोंच, जानेवारी १९३२ मध्यें, वटहुकूम पुनः आले.

हा प्रश्न परक्या राज्याबरोबर गेला असें मानून चालणारांनीं १९७६ साल आठवावें. आमच्या राज्यघटनेंतच विनाचौकशी स्थानबद्धतेस जागा ठेवलेली आहे. आणीबाणींत स्थानबद्ध झालेल्यांस कोर्टाचा दरवाजा ठोठावण्याचा हक्क नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या चौघां न्यायाधीशांनीं दिला; एकट्या न्या. हंसराज खन्नांनीं भिन्न मत लिहिलें. १९७७ मध्यें बंदी सुटले, कारण निवडणुका झाल्या. पण तो निकाल चुकीचा होता असें त्याच न्यायालयानें स्पष्ट म्हणण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. माणसें सुटलीं तरी न्याय चाळीस वर्षें अडकून पडला होता!

म्हणून आमचें मत थोडक्यांत असें आहे. माफी हें दान आहे, आणि उघड, रीतसर चौकशी हें ऋण आहे. राज्यानें दान अवश्य करावें. दिलजमाईला त्याची गरज असते. पण ज्याचें ऋण फेडलें नाहीं त्यालाच दान देऊन कृतज्ञतेची अपेक्षा करणें, हा सावकारी कावा झाला. ज्या घरीं तुरुंगांतून मुलगा परत येतो, त्या घरानें पेढे जरूर वाटावे. मात्र त्याला नेलें होतें तें कोणत्या पुराव्यावर, हें विचारण्यास विसरूं नये.