'कर्करोगासारखी' गाठ

धंतोलीला जायचं म्हटलं की रिक्षावाला विचारतो, "कोणता दवाखाना?" मामूंना घेऊन मी तिथल्याच एका दवाखान्यात बसलो होतो. त्यांच्या गुदाशयात अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली होती. 'न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर', जुनं नाव 'कार्सिनॉइड'. मामूंचा प्रश्न सरळ होता. "हळू वाढणारी गाठ आहे म्हणतात. मग तेवढी काढा ना, आजूबाजूचे लिम्फ नोड कशाला? आणि पोटावर पिशवी आली तर नमाज कशी पढू?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात सापडलं.

1907 साली म्युनिकचे पॅथॉलॉजिस्ट सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी लहान आतड्यातल्या अशा गाठींना 'कार्सिनॉइड' म्हटलं. म्हणजे कर्करोगासारखी. दिसते तशी, पण निरुपद्रवी, असा त्यांचा समज होता. 1929 मध्ये त्यांनी स्वतःच तो दुरुस्त केला. या गाठी पसरूही शकतात, असं मान्य केलं. पण नाव मात्र तेच राहिलं, आणि त्यातला दिलासाही.

1933 मध्ये ज्यू म्हणून नाझींनी त्यांचं पद काढून घेतलं. तुर्कस्तानने त्यांना इस्तंबूल विद्यापीठात प्राध्यापक केलं. 1944 साली ते तिथेच वारले. आपल्याकडे इस्तंबूल म्हटलं की खिलाफत आठवते; हा आसराही आठवावा.

गुदाशयाभोवती चरबीचं आवरण असतं, लिम्फ नोड त्यातच. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये हे आवरण न फाडता अखंड काढण्याची पद्धत मांडली. ती होती गुदाशयाच्या कर्करोगासाठी. मोठ्या कार्सिनॉइडलाही आज तीच वापरतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, वरवरची गाठ बहुधा दुर्बिणीतून निघते, नोडना हात लावावा लागत नाही. दोनच्या वर पेशी नोडपर्यंत पोचल्याची शक्यता बरीच वाढते. मधल्या मापावर डॉक्टरांचं आजही एकमत नाही. गाठ किती खोल गेली, पेशी किती वेगाने वाढतात, रक्तवाहिन्यांत शिरल्या का, हे पाहून ठरवतात. कारण मोठ्या ऑपरेशनची किंमतही मोठी असते: शौचावरचा ताबा, लघवीचा त्रास, कधी पिशवी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या फिकहमध्ये आहे. ज्याला शौच रोखता येत नाही, तो हनफी मताप्रमाणे 'माजूर'. त्याने प्रत्येक नमाजेच्या वेळी नवा वुजू करावा आणि नमाज पढावी.

मामूंनी दोन्ही उत्तरं ऐकली आणि संमतीपत्रावर सही केली. तपासणीत दोन नोडमध्ये पेशी सापडल्या. पिशवी काही महिने होती. त्या काळात त्यांची एकही नमाज चुकली नाही.