काळ्या केसांतला तांबडा रंग

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवतात. मी आज जो इतिहास सांगणार आहे तो एका कुपीचा आणि एका वेणीचा आहे. घडला तो भोपाळला, टी. टी. नगरातल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये. पण त्याची मुळे एका बाजूला पॅरिसपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला आपल्या नागपूरच्या वाड्यांपर्यंत जातात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, नव्याची भोपाळ झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. सचिवालयातल्या अनेक मराठी कुटुंबांनी तेव्हा बाडबिस्तरा बांधला आणि फायलींच्या मागोमाग भोपाळ गाठले. माझ्या मावशीचे यजमान त्यांतलेच. पाटा-वरवंटा, देव्हारा आणि काकांची आई एवढे घेऊन मावशी तात्या टोपे नगरात उतरली. या आजी लाल आलवणात असत. पदर डोक्यावरून कधी ढळत नसे, कारण त्याखाली केस नव्हते. वयाच्या बाविसाव्या वर्षी कपाळीचे कुंकू पुसले गेले, त्याच आठवड्यात न्हाव्याला बोलावले होते.

१९७४ साली मी बी. एस्सी.साठी मावशीकडे राहत होतो. मावसबहीण, आमची ताई, एम. ए. करत होती. तिचे केस कमरेखाली येत. दिवाळीनंतर तिला पाहायला अमरावतीचे पाहुणे येणार होते. त्या काळी पाहायला आलेल्या बायका मुलीची वेणी सोडायला लावत, लांबी बघत, गंगावन तर नाही ना याची खात्री करून घेत. ताईला याची चीड होती. एका इंग्रजी मासिकात तिने तपकिरी, मोकळ्या केसांची बाई पाहिली होती. ती मला म्हणाली, "तू केमिस्ट्री शिकतोस ना? मग सांग, केसांचा रंग कसा काढतात?"

मला थोडेफार ठाऊक होते, आणि तेच वाईट ठरले. हायड्रोजन पेरॉक्साइड हे १८१८ साली थेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधले. पाण्यात असतो त्याहून प्राणवायूचा एक अणू यात जास्त, आणि तो सोडून द्यायला ते सदैव तयार. पुढे १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लंडनचा एक रसायनविक्रेता आणि पॅरिसचा एक केशकर्तनकार यांनी याच द्रवाने केस उजळवून दाखवले. त्याआधी युरोपातल्या बायका नाना क्षार आणि ऊन यांवर विसंबून होत्या. आपल्याकडे हीच कुपी जखम धुवायला नि कानातला मळ काढायला घरोघरी असते. तिच्यातले प्रमाण साधारण तीन टक्के असते, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत दहा व्हॉल्यूम. ताईने औषधाच्या दुकानातून वीस व्हॉल्यूमची, म्हणजे सहा टक्क्यांची बाटली आणली. चेहऱ्यावरची लव उजळवायला बायका पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थेंब घालत, हे तिला माहीत होते. किती थेंब, एवढेच तिने मला विचारले. मी ऐटीत म्हणालो, "जास्त घाल, लवकर काम होईल."

काम लवकर झाले खरे. अमोनियामुळे केसावरची खवल्यांसारखी पापुद्र्यांची साल उघडते आणि पेरॉक्साइड आत शिरते. आत केसाचा रंग असतो, मेलानिन. त्याच्या दोन जाती: एक काळी-तपकिरी, दुसरी तांबूस-पिवळी. काळी आधी तुटते, तांबूस चिवट असते. म्हणून काळा केस उजळवला की तो एकदम सोनेरी होत नाही. आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा, अशा पायऱ्या तो उतरतो. शिवाय टाळूची ऊब लागून मुळाशी रंग लवकर उडतो आणि टोकांना उशिरा. ताई ते मिश्रण लावून गच्चीवर उन्हात तासभर बसली. खाली आली तेव्हा मुळाशी पिकल्या संत्र्यासारखी, मध्ये तांब्यासारखी आणि टोकांना होती तशीच काळी. टाळूची आग होत होती. केस ओले असताना रबरासारखे ताणले जात आणि वाळल्यावर झाडूच्या काड्यांसारखे मोडत.

मावशीने कपाळाला हात लावला. "पाहुण्यांना काय सांगू मी? काय करून बसलीस बाई!" माझ्याकडे कोणी पाहिले नाही. मीही काही बोललो नाही. ती माझी पहिली चूक नव्हे, दुसरी होती.

आजींनी ताईला जवळ बोलावले. बोटांनी केस चाचपून पाहिले. म्हणाल्या, "माझे त्यांनी काढले, मला न विचारता. तुझे तू बिघडवलेस, स्वतःच्या मनाने. बिघडले तर बिघडले. निदान तुझे तू केलेस." मग मावशीला म्हणाल्या, "पाहुण्यांना कळव, संक्रांतीनंतर या म्हणावं."

त्या एका वाक्यामागे केवढा इतिहास होता, हे मला फार उशिरा कळले. विधवांच्या केशवपनाविरुद्ध महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात रण माजले होते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निश्चय केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, याचे मोल मोठे आहे. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला आणि पुढे विधवांसाठी आश्रम उभारला. तरीही आमच्या आजींच्या वाट्याला विसाव्या शतकात वस्तरा आलाच. निश्चय मुंबईत झाला, नागपूरच्या त्या वाड्यापर्यंत तो पोहोचला नाही. सुधारणा अशाच चालतात, एका घरी पोहोचतात आणि शेजारचे घर टाळून पुढे जातात.

शेजारी एक खाला राहत, माहेर जुन्या शहरात चौकाजवळचे. भोपाळवर १८१९ ते १९२६ या काळातली बहुतेक वर्षे बेगमांनी राज्य केले. त्यांतल्या शाहजहाँ बेगमेने १८८९ साली स्त्रियांसाठी घरसंसाराचा उर्दू ग्रंथ लिहिला, तर सुलतान जहाँ बेगमेने शाळा काढल्या, स्त्रियांचा क्लब काढला. अशा शहरातल्या म्हाताऱ्या बायका नटण्यामुरडण्याला हलके समजत नसत. खालांनी केस पाहिले आणि म्हणाल्या, "रो मत बेटी. पहले मेहंदी, फिर वस्मा." वस्मा म्हणजे नीळीची वाळवलेली पाने. मेंदीतला तांबडा रंग केसातल्या प्रथिनाला घट्ट धरून बसतो. त्यावर निळीचा थर दिला की तांबडे आणि निळे मिळून काळपट तपकिरी होते. उजळलेल्या केसांवर नुसती नीळ लावली तर हिरवट छटा येण्याचा धोका असतो, म्हणून आधी मेंदी. हे शास्त्र त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते.

मात्र खाला घाई करू देईनात. टाळू शांत होईस्तोवर काहीच लावायचे नाही, असा त्यांचा हुकूम. तोवर आजींचा खोबरेल तेलाचा वाडगा. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाला आजींनी ताईला पाटावर बसवले. ज्या बाईच्या डोक्यावर पन्नास वर्षे केस नव्हते ती नातीच्या केसांच्या बटा वेगळ्या करून, एकेकीला मुळापासून टोकापर्यंत तेल लावत होती. उटण्याचा वास, बंबाचा धूर, आणि कोणी काही बोलत नव्हते. मी दाराशी गरम पाण्याची बादली घेऊन उभा होतो.

आजींच्या वाडग्याला पुढे प्रयोगशाळेचीही साक्ष मिळाली. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून प्रथिन वाहून जाते ते खोबरेलाने लक्षात येण्याइतके कमी झाले, रंग उडवलेल्या केसांतही. इतर दोन तेलांना ते जमले नाही. कारण खोबरेलाचा मुख्य घटक लहान, सरळ रेणूंचा असल्याने तो केसाच्या आत शिरतो.

आज मुली घरी रंग उडवतात तेव्हा कोणी चीत्कारत नाही. माझ्याही नातीने मागच्या वर्षी विचारले. या वेळी मी "जास्त घाल" म्हणालो नाही. म्हटले, आधी कानामागे दोन दिवस चाचणी, मग आतल्या एका बटेवर. टाळूवर जखम असेल तर नाही. बाजारच्या मेंदीत धातूचे क्षार असू शकतात. अशा केसांवर पेरॉक्साइड पडले तर ते तापतात, जळतात, म्हणून मेंदी लावलेल्या केसांची बट आधी तपासायची. वीस व्हॉल्यूमच्या वर घरी जायचे नाही, उन्हात बसायचे नाही, आणि मनासारखा रंग आला नाही तर त्याच दिवशी पुन्हा लावायचे नाही. नंतर धुण्याआधी तेल, सौम्य शाम्पू, रुंद दातांची फणी, ओले केस खसाखसा पुसायचे नाहीत, गरम हवेचे यंत्र दूर. आणि मोडलेला केस सांधला जात नाही, हे समजून घ्यायचे. तो मेलेलाच असतो. नवा येतो तो मुळातून, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर.

ताईचे केस त्या हिशेबाने पूर्ण परत यायला सहा-सात वर्षे लागली. संक्रांतीनंतर पाहुणे आले तेव्हा वेणी खांद्यापर्यंतच होती, मेंदी-वस्म्याने सावळी झालेली. आलेल्या बाईंनी वेणी सोडायला सांगितली. ताई म्हणाली, "आहे एवढीच आहे, सोडण्यासारखी नाही." आतल्या खोलीत आजी होत्या. त्या हसल्याचा आवाज मी ऐकला. ते लग्न जमले नाही. दोन वर्षांनी दुसरीकडे जमले, तिथे वेणी कोणी पाहिली नाही.

आजी १९७९ साली गेल्या. त्यांचे आलवण ताईने मागून घेतले. पुढे कधी भोपाळला गेलो की ती पेटी उघडून दाखवायची. मी एकदा तिला विचारले, "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?" ती म्हणाली, "थेंब तू सांगितलेस, पण ओतले मी." मला ते माफीपेक्षा जड वाटले.