जुहू ते उलवे: तरुण वैमानिकांच्या नोकरीचा इतिहास

मुंबईत विमान चालवायला शिकवणारी संस्था आधी आली आणि विमान चालवण्याची नोकरी नंतर. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूच्या मैदानावर सुरू झाला. तिथेच शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला. पण परवाना देणारे होते, पगार देणारे कोणी नव्हते. पहिली काही वर्षे विमान चालवणे हा हौसेचा आणि ऐपतीचा विषय राहिला. ज्याला त्यावर पोट भरायचे होते त्याच्यापुढे हवाई दलाखेरीज फारसा मार्ग नव्हता. इंग्लंड-भारत एकट्याने उड्डाणाची आगाखान स्पर्धा जिंकून नाव कमावलेला अस्पी इंजिनिअर हा तरुणही हवाई दलातच गेला आणि पुढे त्याच दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या जुहूला आणल्या. तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी त्या बेल्लारीमार्गे मद्रासला नेल्या. भारतातली वैमानिकाची पगारी नोकरी खऱ्या अर्थाने इथे सुरू झाली. ताफ्यात दोन छोटी विमाने होती आणि ती चालवायला टाटा, विन्सेंट व होमी भरुचा असे तिघे. त्या तिघांपैकी एक तर कंपनीचाच मालक. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, तेव्हा सगळे काम पुण्याला हलवावे लागे. या धंद्याची एक खोड तेव्हापासूनची आहे: परवानाधारक आणि विमानातल्या जागा यांचे प्रमाण कधी जुळत नाही. विमाने मूठभर कंपन्या विकत घेतात आणि वैमानिक शेकडो कुटुंबांच्या खर्चाने तयार होतात. दोन्ही निर्णय एकमेकांना न विचारता घेतले जातात.

हे प्रमाण पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बिघडले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकी लष्कराची शिल्लक डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली. युद्धात तयार झालेले वैमानिक मोकळे झाले होते, आणि १९४६ नंतर परवाना मंडळाने कंपन्यांना सढळ हाताने परवाने दिले. मुंबईची अंबिका, मद्रासची ज्युपिटर अशा कंपन्या उभ्या राहिल्या आणि काही वर्षांत बुडाल्या. नागपूरला केंद्र करून १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. प्रवाशांच्या जोरावर तग न धरणाऱ्या कंपन्यांना हे टपाल म्हणजे आधार होता. वैमानिकांच्या वाट्याला मात्र त्यातून रात्रपाळीचे कष्टाचे उड्डाण आले.

या गोंधळाची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मराठी होते, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. १९५० च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की वाहतुकीला पेलवतील त्यापेक्षा कंपन्या जास्त झाल्या आहेत. एकत्रीकरण करून त्यांची संख्या कमी करावी, असे समितीने सुचवले. लगेच राष्ट्रीयीकरण करा असे ती म्हणाली नव्हती. सरकारने पुढे तेच केले हा भाग वेगळा.

त्याच काळातले प्रेम माथुर यांचे उदाहरण बोलके आहे. १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आठ कंपन्यांनी त्यांना नाकारले. बाई विमान चालवते आहे असे कळले तर प्रवासी चढणार नाहीत, हे त्यामागचे कारण. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले, पण कप्तानपदाची मागणी मान्य झाली नाही. सहवैमानिकाच्या खुर्चीत अडकून पडणे हा पुढच्या पिढ्यांनाही ओळखीचा अनुभव. माथुर यांच्या बाबतीत त्याचे कारण स्त्री असणे होते, पुढच्यांच्या बाबतीत यादीतला क्रमांक.

१ ऑगस्ट १९५३ रोजी आठ देशांतर्गत कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी मार्ग एअर इंडियाकडे राहिले. बुडीत कंपनीची भीती चार दशकांसाठी संपली. सरकारी नोकरी, निवृत्तिवेतनाची खात्री, संघटनेचे पाठबळ असे सगळे आले. पण या सुरक्षिततेचा कणा होती ज्येष्ठता यादी. कप्तान निवृत्त झाला किंवा नवे विमान आले तरच खालचा वर सरके. पगारातली खरी उडी सहवैमानिक ते कप्तान या एका पायरीवर असल्याने तरुणाला कमी पगाराची वर्षे मोजत बसावे लागे. नोकरी जात नसे, पण पुढेही जात नसे. ज्यांना या दोन सरकारी कंपन्यांत जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी क्लबमधली शिक्षकाची नोकरी, औषधफवारणीची विमाने किंवा एखाद्या उद्योगपतीचे खासगी विमान एवढेच उरे.

१९९० नंतर खासगी कंपन्यांना दार उघडले. मुंबईची ईस्ट-वेस्ट १९९२ मध्ये, तर जेट एअरवेज ५ मे १९९३ रोजी उडाली. दमानिया आणि मोदीलुफ्त याच लाटेतल्या. त्यांनी इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक जास्त पगारावर ओढले. वरची माणसे गेल्याने सरकारी कंपनीतल्या तरुणांना अनपेक्षितपणे लवकर बढती मिळाली. पण दशक संपण्याआधी यातल्या बहुतेक कंपन्या बंद पडल्या होत्या. दमानिया विकली गेली, तर ईस्ट-वेस्ट आणि मोदीलुफ्त १९९६ मध्ये थांबल्या. तेव्हा एक फरक ठळक झाला आणि तो आजही टिकून आहे. अनुभवी कप्तानाला दुसरी कंपनी उचलते. पाचशे-सातशे तासांचा सहवैमानिक मात्र मोकळा राहतो, कारण त्याच्याएवढे तास असलेले शेकडो जण आधीच रांगेत असतात.

पुढची लाट त्याहून मोठी होती. २००३ मध्ये एअर डेक्कन आली. २००५ ते २००६ या दीड वर्षात स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर आणि इंडिगो सुरू झाल्या. कप्तान कमी पडले म्हणून परदेशी वैमानिक आणले गेले. वर्तमानपत्रांत लाखांच्या पगाराचे आकडे झळकले आणि धुळे, बारामती, नागपूर, गोंदिया इथल्या संस्थांपासून फ्लोरिडा व फिलिपिन्सपर्यंत मुले शिकायला गेली. कोणी घर तारण ठेवले, कोणी जमीन विकली. ही मुले परतली तोवर २००८ ची मंदी आली होती आणि इंधन महागले होते. त्या ऑक्टोबरमध्ये जेटने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना, मुख्यतः केबिन क्रूला, एका फटक्यात कमी केले आणि गदारोळानंतर दोन-तीन दिवसांत परत घेतले. नव्या वैमानिकांसाठी असा गदारोळ कोणी केला नाही, कारण त्यांना कामावर घेतलेच गेले नव्हते. नोकरी गेली तर बातमी होते, नोकरी मिळालीच नाही तर होत नाही.

याच काळात खर्चाचा भार मुकाट्याने कंपनीकडून उमेदवाराकडे सरकला, आणि या व्यवसायाच्या इतिहासातला तो कदाचित सर्वांत मोठा बदल असावा. व्यावसायिक परवान्याला, म्हणजे सीपीएलला, २०० तास उड्डाण, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षा आणि वर्ग एकची वैद्यकीय तपासणी लागते. तेवढ्याने एअरबस चालवता येत नाही. त्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग सिम्युलेटरवर वेगळे घ्यावे लागते. पूर्वी निवड आधी होई आणि हे प्रशिक्षण कंपनी देई. आता उमेदवाराने ते स्वतःच्या पैशांनी करून यावे, असा रिवाज पडला. परवान्याला पन्नास लाखांच्या आसपास, रेटिंगला आणखी पंधरा-वीस लाख, आणि कंपन्यांच्या कॅडेट योजनेतून गेले तर सगळे मिळून कोटीच्या घरात. त्यामुळे सुरुवातीचा पगार इतर नोकऱ्यांच्या मानाने चांगला दिसला तरी हप्ता वजा केल्यावर हातात काय उरते, हा हिशेब वेगळाच निघतो. या दबावाचे विकृत टोक २०११ मध्ये दिसले. बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली आणि वैमानिकांना अटक झाली.

किंगफिशरने महिनोन्महिने पगार थकवले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची उड्डाणे थांबली. जेटचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी अमृतसरहून मुंबईला निघाले. बँकांनी तातडीचे कर्ज नाकारले होते आणि वैमानिकांचे काही महिन्यांचे पगार त्याआधीच अडकले होते. बोइंग ७३७ चे रेटिंग असलेल्यांना दुसरीकडे जागा मिळाल्या, पण अनेकांना आधीपेक्षा कमी पगारावर. एअरबसवाल्या कंपनीत जायचे तर पुन्हा रेटिंगचा खर्च. २५ मार्च ते २५ मे २०२० या दोन महिन्यांत टाळेबंदीमुळे देशांतर्गत उड्डाणे पूर्ण बंद होती. वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणतासांवर ठरत असल्याने नोकरी शाबूत असलेल्यांचीही मिळकत कोसळली. एअर इंडियाने राजीनामे देऊन ते मागे घेतलेल्या वैमानिकांना ऑगस्ट २०२० मध्ये सेवामुक्त केले. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये तो निर्णय रद्द केला. २ मे २०२३ रोजी वाडिया समूहाच्या गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची विमाने दुसऱ्या दिवसापासून उडाली नाहीत.

नोकरी गेलेल्या वैमानिकाची अडचण इतर बेकारांपेक्षा वेगळी असते, कारण त्याच्या कौशल्याला मुदत असते. नव्वद दिवसांत ठरावीक उड्डाणे आणि उतरणी झाल्या नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. सहा-सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर कसोटी द्यावी लागते आणि वैद्यकीय तपासणीही वेळेवर हवी. कंपनी असताना हा सगळा खर्च कंपनीचा, बेकार असताना स्वतःचा. म्हणून शहाणा तरुण उत्पन्न बंद झाल्यावर आधी रेटिंग जिवंत ठेवायला पैसे बाजूला काढतो, मग घरखर्च पाहतो. हे ऐकायला विचित्र वाटते, पण रेटिंग मेले की नोकरीच्या जाहिरातीला अर्जही करता येत नाही. उरलेल्या वाटा जुन्याच आहेत. फ्लाइंग क्लबमध्ये शिक्षक होऊन कमी पैशांत तास जमवणे ही त्यांतली सर्वांत जुनी. शिवाय चार्टर कंपन्या, उड्डाणनियोजनाची जमिनीवरची कामे, आखाती किंवा आग्नेय आशियातल्या कंपन्या. शिक्षकाच्या कामात पगार नाममात्र असला तरी लॉगबुक भरत जाते, आणि या व्यवसायात तेच बचतखाते.

कायद्याची मदत तोकडी आहे. दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी अवसायनात गेली की कामगारांची २४ महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतात. 'कर्मचारी' वर्गातल्यांची १२ महिन्यांची देणी त्यानंतर. वैमानिकाला यातल्या कोणत्या रकान्यात बसवायचे यावरच बरेच काही ठरते. सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या अवसायनाचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, म्हणजे शेवटच्या उड्डाणानंतर साडेपाच वर्षांनी. उलट दिशेचे नियम मात्र चटकन झाले. २०१७ मध्ये डीजीसीएने कप्तानांसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकांसाठी सहा महिने नोटीस सक्तीची केली. २०२३ मध्ये ४३ वैमानिक नोटीस न भरता निघून गेले तेव्हा मुंबईची अकासा एअर उच्च न्यायालयात गेली. कंपनी बुडताना वैमानिकाला सहा महिन्यांची सूचना कोणी देत नाही, हे इथे नोंदवायला हवे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळ उलव्याच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी आणि पूर्ण झाल्यावर नऊ कोटी प्रवाशांची क्षमता, अशी त्याची आखणी आहे. त्याच महिन्याच्या सुरुवातीला विश्रांतीच्या नव्या नियमांपुढे वैमानिक अपुरे पडून इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली होती. देशात परवानाधारक बेकार असताना हे घडले. कमतरता होती ती ठरावीक विमानाचे रेटिंग आणि पुरेसे तास असलेल्यांची.

विमानतळाशेजारच्या गावांतल्या मुलांपुढेही हाच प्रश्न आहे. विमानतळाच्या दक्षिणेला, उरणच्या डोंगराळ भागात चिरनेर हे असेच एक गाव. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात इथे पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही मारले गेले.  जंगल, शेती आणि मिठागरांवर जगणाऱ्या या पट्ट्यात १९७० नंतर नवी मुंबई वसवणारी सिडको आली आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये झालेल्या लढ्यात जासई परिसरात पाच जण गोळीबारात गेले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे सूत्र निघाले. चिरनेरच्या आसपास आज कंटेनर यार्ड आहेत. भूमिपुत्रांच्या संघटनांची विमानतळाकडे मागणी आहे ती नोकऱ्यांची, आणि त्यातल्या बहुतेक नोकऱ्या सामान हाताळणी, सुरक्षा, सफाई व वाहतूक अशा जमिनीवरच्या. कॉकपिटची वाट या गावातूनही तीच आहे: विज्ञान शाखेची बारावी, पन्नास लाख, २०० तास, मग रेटिंग. इतर मागासवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची महाज्योती संस्था परवान्याच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलते, पण तिच्या जागा मोजक्या आहेत. बाकीच्यांनी भूखंडाचा किंवा कर्जाचा पैसा लावायचा, आणि परवाना हातात येईल त्या वर्षी बाजार चढता असेल की उतरता, हे कळायला मार्ग नाही.