कॉर्नवॉलच्या कादंबऱ्यांची मोहिनी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास असलेल्या कॉर्नवॉलच्या कादंबऱ्या इतक्या कां आवडतात, असें विचारतांच लोक समुद्राकडे बोट दाखवितात. आम्हांस हें पटत नाहीं. मोहिनी आहे ती विरहाची. डॅफ्ने ड्यू मॉरिए जन्मानें लंडनची; १९२६ सालीं तिच्या कुटुंबानें फॉय नदीकांठीं सुट्टीसाठीं घर घेतलें, आणि ‘रिबेका’ (१९३८) तिनें लिहावयास घेतली ती दूर इजिप्तांत, त्या किनाऱ्यासाठीं झुरत असतां! १८५९ सालीं टेमर नदीवर ब्रुनेलचा पूल झाला. आगगाडीनें पाहुणे येऊं लागले. पुढें १८६६ नंतर तांब्याच्या, मग कथिलाच्या खाणी बंद पडत गेल्या, आणि हजारों खाणकामगार ऑस्ट्रेलिया-अमेरिकेस निघून गेले. पाहुणीच्या हुरहुरीस लेखणी लाभली. त्यांच्या विरहाची कादंबरी आमच्या कपाटांत नाहीं. ‘रिबेका’ची प्रत मात्र पानें सुटेपर्यंत वाचून झाली आहे.