कॅबिनेटच्या पंख्याचा वेग कसा ठरतो? डीसी आणि पीडब्ल्यूएममधला फरक

हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचं नाव हमखास असतं. त्याच तालुक्यातल्या सायखेड्यात उन्हाळ्यात मात्र अंगाची लाही होते. कॅबिनेटचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, तिच्यापेक्षा थंड हवा तो देऊ शकत नाही. त्यामुळे जानेवारीत पुरणारा वेग मे महिन्यात कमी पडतो. हा वेग बदलण्याच्या मुख्य पद्धती अशा :

थेट जोडणी : पंखा पॉवर सप्लायला जोडला की त्याला कायम 12 व्होल्ट मिळतात. वेग पूर्ण आणि आवाजही पूर्ण. मध्ये रेझिस्टर टाकला तर दोन्ही कमी होतात, पण उकाडा वाढला तरी वेग आपोआप वाढत नाही.

डीसी (3 पिना) : इथे मदरबोर्ड व्होल्टेज कमी-जास्त करतो. तिसऱ्या तारेवरून पंख्याच्या फेऱ्या मोजल्या जातात. व्होल्टेज फार उतरलं तर पंखा सुरूच होत नाही, ही या पद्धतीची मर्यादा.

पीडब्ल्यूएम (4 पिना) : 12 व्होल्ट कायम राहतात. चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे 25,000 वेळा चालू-बंद होणारा इशारा जातो. तो जितका जास्त वेळ ‘चालू’, तितका वेग जास्त. माणसाला साधारण 20,000 हर्ट्‌झपर्यंतच ऐकू येतं, म्हणून या इशाऱ्याची गुणगुण जाणवत नाही. कमी वेगातही पंखा सहसा स्थिर फिरतो.

नेहमीची चूक

3 पिनांचा पंखा 4 पिनांच्या जागेत नीट बसतो. पण बायोसमध्ये ‘पीडब्ल्यूएम’ निवडलेलं असेल तर तो सतत पूर्ण वेगाने फिरतो. पंखा बिघडला असं समजून नवा घेण्याआधी तिथे ‘डीसी’ निवडून पाहा.

किती तापमानाला किती वेग?

हे बायोसमधल्या ‘फॅन कर्व्ह’वर ठरतं. थंडीत, आवाज नको म्हणून हा आलेख खाली आणला असेल, तर उन्हाळा लागताच तो पुन्हा तपासा. एका जागेवर दोन-तीन पंखे जोडायचे असतील तर त्यांच्या विजेची बेरीज करा. बऱ्याच मदरबोर्डांवर एका जागेची मर्यादा 1 अँपिअर असते.

आणि वेग वाढवूनही कॉम्प्युटर तापत असेल, तर आधी जाळी काढून धूळ झटका. हवा आतच येत नसेल, तर वेग वाढवून फक्त आवाज वाढतो.